पुरात गेलेली आईची वही, आणि ती परत लिहिताना जमलेली माणसं

वाशिष्ठीकाठ | २२ जुलै, रात्री ९.४०

आज बावीस जुलै. चिपळूणच्या माणसाला ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही. २०२१ साली याच दिवशी वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्या गावात शिरल्या. आमचं घर सखल भागात, बैठं. आई शेजारच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर गेली म्हणून वाचली. पाणी आमच्या माळ्याला टेकलं होतं.

मी पुण्याहून चौथ्या दिवशी पोचले. वास अजून नाकात आहे, गाळाचा आणि डिझेलचा. बाबांच्या पुस्तकांच्या कपाटाचं दार उघडेना. भिजून पुस्तकं इतकी फुगली होती की कपाट आतून घट्ट बसलं होतं. शेवटी पहारीने उचकटलं.

फ्रिज, टीव्ही, गाद्या हे सगळं रस्त्यावर ढिगात टाकताना आई काही बोलली नाही. ती शोधत होती तिची वही. दोनशेपानी, जाड पुठ्ठ्याची. १९७८ला लग्न होऊन आली तेव्हापासूनची. त्यात काय नव्हतं? सांदणं, पातोळे, बाळंतिणीचे लाडू, मंगळागौरीची गाणी, कुणाच्या मुंजीत किती आहेर केला, कुठल्या वर्षी हापूस कधी पिकला. आणि वही उलटी धरून मागच्या बाजूने बाबांचे बाजारहाटाचे हिशोब. बाबांना जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती.

वही सापडली. विटेसारखा गोळा झाला होता तिचा. आई म्हणाली, "असू दे गो, कागदच तो." पण टाकू दिली नाही. गोळा वाळला, तिने तो वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला.

त्यानंतर आई गप्प झाली. कामं करायची, जेवायची, पण स्वतःहून काही बोलायची नाही. जी बाई भाजीची यादीसुद्धा सुवाच्य अक्षरात लिहायची तिने पेन हातात धरलं नाही. मी नवी वही आणून दिली, ती चार महिने कोरी पडून राहिली. मी फोनवर "लिही ना, बरं वाटेल" म्हणायचे. आता वाटतं, नको होतं म्हणायला.

डिसेंबरात शेजारच्या भाबी आल्या. हातात एक चतकोर कागद. "काकू, तुमची सांदणांची कृती माझ्याकडे हाय. मी तुमच्या वहीतून उतरवली होती, तुम्हीच दिली होती." त्यांचं घर वरच्या मजल्यावर, म्हणून कागद वाचला. आईने तो वाचला आणि म्हणाली, "रस एक वाटी नाही, दीड वाटी. तुम्ही चुकीचं उतरवलंत." भाबी म्हणाल्या, मी इतकी वर्षं एकच घालते आणि माझी सांदणं तुमच्यापेक्षा हलकी होतात. आईने पेन मागितलं.

नव्या वहीतली पहिली कृती ती. खाली लिहिलंय : "भाबींकडून परत मिळाली. रस : माझा दीड वाटी, त्यांचा एक."

मग रीतच पडली. गुहागरची मावशी फोनवर सांगायची, आई लिहायची. आत्याने तिची स्वतःची वही एसटीतून कुणाबरोबर तरी पाठवली. मंगळागौरीच्या बायका दुपारच्या जमायला लागल्या. एकीला एका गाण्याचं पहिलं कडवं आठवायचं, दुसरीला शेवटचं, मधल्यावरून वाद. यातल्या निम्म्या बायकांच्या घरात पाणी गेलं होतं. त्या पुराबद्दल बोलायला आल्या नव्हत्या, गाणी आठवायला आल्या होत्या. पण गाण्याच्या मध्येच एखादी म्हणायची, "माझं शिलाई मशीन गेलं हो." आणि मग बाकीच्या ऐकायच्या.

मार्चमध्ये मी वही चाळत होते. बाराव्या पानावर, डिंकाच्या लाडवांच्या खाली, आईने एक ओळ लिहिली होती : "पाणी चौथ्या पायरीला आलं तेव्हा मी देव उचलले, वही विसरले."

आठ महिने मी तिला विचारत होते त्या रात्री काय झालं. ते मला सांगितलं नाही तिने. वहीला सांगितलं.

त्याच सुमारास ती वाचनालयातही परत जायला लागली. आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४चं आहे. २००५च्या पुरात ते एकदा बुडालं, त्यातून उभं राहिलं, २०१३ला याच संस्थेने गावात अखिल भारतीय साहित्य संमेलन भरवलं आणि २०२१ला पुन्हा पाणी. दुसऱ्यांदा पुस्तकं चिखलातून काढणाऱ्या माणसांना काय वाटलं असेल! तरी ते पुन्हा उभं राहिलं, लोकांनी पुस्तकं दिली. आईचं म्हणणं, "एवढं मोठं वाचनालय दोनदा बुडून उभं राहतं, माझी तर एकच वही."

हे आज लिहायचं कारण : वही जवळजवळ पूर्ण झाली आहे. एकच मोठी जागा रिकामी आहे, खापरोळ्यांची, म्हणजे नारळाच्या गोड रसात बुडवून खायच्या जाडसर घावनांची. ती कृती माझ्या आजीची होती आणि कुणीच उतरवून घेतली नव्हती. आईला रस आठवतो, पिठाचं प्रमाण आठवत नाही. कुणाकडे जुनी, घरातली असेल तर द्या. आणि लिहिण्या-वाचण्याने, किंवा त्यानिमित्ताने जमलेल्या माणसांनी तुम्हाला कधी सावरलं असेल तर तेही लिहा. मी आईला सगळं वाचून दाखवणार आहे.

---

रानजाई | २२ जुलै, रात्री १०.१५

मी सांगलीची. आमचा पूर २०१९च्या ऑगस्टातला. ती चौथी पायरी वाचून थांबले. आमच्याकडे पायऱ्या मोजायचं काम माझ्या सासऱ्यांकडे होतं, दर अर्ध्या तासाने बॅटरी घेऊन जायचे.

माहेर रत्नागिरीकडचं आहे म्हणून खापरोळ्या येतात. आमचं प्रमाण : तांदूळ तीन वाट्या, उडदाची डाळ एक वाटी, मेथी एक चमचा, जाडे पोहे अर्धी वाटी. वेगवेगळं भिजवून वाटायचं, रात्रभर आंबवायचं, सकाळी मीठ आणि हळद. बिडाच्या तव्यावर जाडसर घालून झाकण ठेवायचं, उलटायची नाही. नारळाच्या दुधात गूळ आणि वेलची, त्यात बुडवून खायच्या. काकूंना विचारा, पोहे होते का?

---

शाईचा_डाग | २२ जुलै, रात्री ११.०२

माझं काम जुन्या कागदांचं आहे, हस्तलिखितं आणि पोथ्या दुरुस्त करते. म्हणून आधी एक प्रश्न : तो गोळा अजून आहे का? आणि बाबा हिशोब कशाने लिहायचे? शाईपेन, बॉलपेन की पेन्सिल?

उत्तर येईपर्यंत इतरांसाठी लिहून ठेवते. पुस्तक भिजलं की आपण पहिली गोष्ट करतो ती उघडून पाहण्याची. ओला कागद तेव्हाच फाटतो. चिंब पुस्तक मिटलेलंच ठेवावं. वरचा चिखल स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने काढावा, वाळूच्या कणांसकट घासू नये. थोडंच ओलं असेल तर उभं करून पानं पंख्यासारखी पसरावीत, मध्ये टीपकागद किंवा साधा कोरा कागद घालावा आणि तो बदलत राहावा. उन्हात ठेवू नये, वारा द्यावा. साधारण ४८ तासांत बुरशी धरायला लागते. तेवढ्यात वाळवणं शक्य नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये टाकावं. गोठलेल्या पुस्तकात बुरशी वाढत नाही, मग सवडीने एकेक काढता येतं. चकचकीत कागदाची पुस्तकं सगळ्यात आधी उचला, ती वाळताना एकमेकांना अशी चिकटतात की पुन्हा सुटत नाहीत.

चिपळुणात त्या आठवड्यात वीज नव्हती, प्यायला पाणी नव्हतं, तिथे फ्रीजर कुठला, हे मला कळतं. पुढच्या वेळी कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहिलं.

आमच्या कामाचा बराचसा भाग एका पुरानेच शिकवला आहे. ४ नोव्हेंबर १९६६ला इटलीत फ्लॉरेन्सला आर्नो नदीचा पूर आला, तिथलं राष्ट्रीय ग्रंथालय चिखलात गेलं. देशोदेशीची तरुण मुलं तिथे पोचली आणि साखळी करून हातोहात पुस्तकं वर काढू लागली. लोक त्यांना 'चिखलातले देवदूत' म्हणायला लागले. भिजलेला कागद कसा वाचवायचा याच्या कितीतरी रीती तिथे, ते ढीग उपसताना तयार झाल्या. मी ते फोटो विद्यार्थ्यांना दाखवते. २०२१नंतर चिपळूणचेही दाखवते.

---

आखाती | २३ जुलै, सकाळी ७.३०

दुबईत एकोणीस वर्षं. पहिली पाच वर्षं मी कामावरच्या लोकांखेरीज कुणाला ओळखत नव्हतो. मग नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'ची पेटी आमच्या भागात आली. आमच्या पेटीत २५ पुस्तकं होती. ती एका घरी ठेवायची, आसपासच्यांनी तिथून न्यायची, काही महिन्यांनी पेटी दुसऱ्या गटाकडे आणि त्यांची आपल्याकडे.

पेटी आमच्याकडे होती तेव्हा लोक पुस्तक बदलायला यायचे आणि चहा झाल्याशिवाय जायचे नाहीत. कोविडच्या सुरुवातीला मी चौदा दिवस एकटा खोलीत अडकलो, तेव्हा दाराबाहेर डबा ठेवून जाणारी तीन घरं होती. तिघांचीही ओळख पेटीमुळे. डब्याबरोबर एकाने पुस्तकही ठेवलं होतं, आत चिठ्ठी : "शेवट सांगू नका, मी अजून वाचलेलं नाही."

---

वाशिष्ठीकाठ | २३ जुलै, सकाळी ८.१०

@शाईचा_डाग, गोळा आहे. आईच्या कपाटात, वरच्या फळीवर. आई शाईपेनाने लिहायची, निळी शाई. बाबा पेन्सिलने लिहायचे. कानावर पेन्सिल असायची त्यांच्या, दुकानात काम केलेलं होतं ना.

@रानजाई, आई म्हणते पोहे नव्हते. पण "आंबवायच्या आधी नारळाचं पाणी घालायची सासूबाई" हे तिला तुमचं वाचून दाखवल्यावर आठवलं. चार वर्षांत आठवलं नव्हतं.

---

शाईचा_डाग | २३ जुलै, सकाळी ८.२५

पेन्सिल पाण्याने जात नाही.

ती शाई नव्हे, ग्राफाइट आहे. पाण्यात विरघळत नाही. आईंची निळी शाई बहुतेक धुऊन गेली असेल, त्याची आशा धरू नका. पण हिशोबाची पानं उघडता आली तर अक्षर असू शकतं. साधा वहीचा कागद आहे ही चांगली गोष्ट.

घरी काही करू नका. सुरी घालू नका, वाफ देऊ नका. वाळलेल्या बुरशीचे कण उडतात, हाताळताना तोंडाला रुमाल बांधा. खोक्यात ठेवून पुण्याला आणा आणि मला व्यक्तिगत निरोप करा. वचन देत नाही. पाहते.

---

मनमोकळं | २३ जुलै, दुपारी १.५०

मी समुपदेशक आहे. "लिही ना, बरं वाटेल" हे नको होतं म्हणायला, असं तुम्ही लिहिलंत, त्याबद्दल थोडं सांगते.

१९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी अमेरिकेत टेक्सासमधल्या एका विद्यापीठात प्रयोग केला. ४६ विद्यार्थी होते. रोज पंधरा मिनिटं, ओळीने चार दिवस लिहायचं. काहींना साध्यासुध्या विषयावर, काहींना आयुष्यातल्या सगळ्यात वाईट अनुभवावर. घटना आणि त्याबद्दलच्या भावना असं दोन्ही ज्यांनी लिहिलं ते पुढच्या सहा महिन्यांत विद्यापीठाच्या दवाखान्यात कमी वेळा गेले. हे सगळीकडे सांगितलं जातं. सांगितलं जात नाही ते हे, की लिहून उठल्यावर लगेच त्या मुलांना बरं नव्हे, जास्त वाईट वाटत होतं. पुढे शेकडो प्रयोग झाले, ते एकत्र तपासले तेव्हा फायदा दिसला, पण लहानसा.

म्हणून मी कुणालाही घटना ताजी असताना वही हातात देत नाही. माणूस अजून पाण्यातच उभा असतो. तुमच्या आईंनी आधी सांदणं लिहिली, लाडू लिहिले, बाराव्या पानापर्यंत आल्या, मग ती ओळ लिहिली. त्यांचा वेग त्यांनी ठरवला. मी इतकी वर्षं हे काम करते, याहून चांगला क्रम मला लावता आला नसता.

आणि हे वाचणाऱ्या कुणाला झोप लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वहीवर थांबू नका. सरकारची 'टेलिमानस' सेवा आहे, १४४१६. मराठीतही बोलतात.

---

एकटा_वाचक | २३ जुलै, रात्री १०.४५

माझा अनुभव थोडा उलटा आहे, पण काकूंना वाचून दाखवणार आहात म्हणून खरा लिहितो.

मुलगा गेल्यानंतर मला वाचता येईना. आयुष्यभर वाचत आलेला माणूस मी, सहा महिने एक पान पुढे सरकलं नाही. ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरायचो. लोक दुःखावरची पुस्तकं आणून देत होते. ती तशीच आहेत. पुस्तकं माणसाला बरं करतात असं कुणी म्हटलं की मला अजून त्रास होतो.

पण मी वाचनालयात जात होतो. आमच्या गावचं 'ड' वर्गाचं, म्हणजे सरकारी श्रेणीत सगळ्यात खालचं वाचनालय, एक खोली, दोन बाकं, भिंतीवर घड्याळ. ग्रंथपाल बाईंना मिळणारं मानधन सांगितलं तर तुम्हाला वाईट वाटेल. मी रोज पाच वाजता जाऊन वर्तमानपत्र समोर धरून बसायचो. त्यांनी मला कधी विचारलं नाही, काही सुचवलं नाही. फक्त पाच वाजता माझ्या जागेवरचा पंखा लावलेला असायचा.

बाकी तीन-चार म्हातारे यायचे. एकाला दिसत कमी होतं. एक दिवस त्याने विचारलं, भाव वाचून दाखवता का? कांद्याचे भाव. मी वाचले. दुसऱ्या दिवशी अग्रलेख. मला स्वतःसाठी वाचता येत नव्हतं, त्याच्यासाठी आलं. असा सुटलो.

राज्यात सरकारी अनुदानावर चालणारी अशी हजारो वाचनालयं आहेत, १९६७च्या कायद्याखाली. त्यातली बरीचशी अशीच एका खोलीची. ती बंद पडताना ऐकतो तेव्हा मला पुस्तकांची काळजी वाटत नाही. तो पंखा कोण लावेल याची वाटते.

---

उंबरठा | २४ जुलै, सकाळी ११.२०

@एकटा_वाचक, तुमचं दोनदा वाचलं. काही म्हणत नाही.

मंगळागौरीच्या बायकांवरून मला माझी आजी आठवली. तिला अक्षरओळख नव्हती. पण जात्यावर बसली की नवऱ्याला, सासूला, देवाला, सगळ्यांना जे सांगायचं ते ओवीतून सांगायची. एकटीने नव्हे, समोर दुसरी बाई बसलेली असायची आणि ती पुढची ओवी जोडायची. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावी फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तेवढ्या बायकांनी काय काय जात्याला सांगून ठेवलं असेल!

एक गोष्ट मात्र मला वाटते. लिहून मन शांत होतं एवढंच आपण बोलतोय. काही वेळा शांत होण्यासाठी लिहायचंच नसतं. १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मुक्ताबाई साळवेंचा निबंध छापून आला. सावित्रीबाई आणि जोतिरावांच्या शाळेत शिकलेली मुलगी, मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिते. ते दुःख तिच्या एकटीचं नव्हतं, तिने ते सगळ्यांसमोर मांडलं आणि जाब विचारला. आज पावणेदोनशे वर्षांनीही तो वाचून माणसं एकत्र येतात. माझ्या वस्तीतल्या मुली दर वर्षी तो निबंध मोठ्याने वाचतात. वाचताना त्यांचा आवाज बदलतो. ते मी पाहिलंय.

---

घाटमाथा | २४ जुलै, दुपारी ४.०५

खापरोळ्या : आमच्या राजापूरच्या आजीकडे पोहे नव्हते आणि उडीद कमी. तांदूळ चार, उडीद एक, चण्याची डाळ मूठभर. आणि हो, नारळाचं पाणी! ती पण घालायची. एका नारळाचं, जेवढं निघेल तेवढं.

---

वाशिष्ठीकाठ | ६ सप्टेंबर, रात्री ९.१५

उशिरा लिहितेय, पण सांगायचं बरंच आहे.

सगळ्यांचं सगळं आईला वाचून दाखवलं. @एकटा_वाचक, तुमचं वाचल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांना विचार, तो कांद्याचे भाव विचारणारा अजून येतो का?" विचारते आहे. @आखाती, चिठ्ठी तिला फार आवडली. @मनमोकळं, माझ्यावरचं ओझं कमी केलंत.

खापरोळ्या दोन्ही प्रमाणांनी करून पाहिल्या, दोन रविवारी. भाबी चवीला होत्या. आई म्हणते यातलं एकही सासूबाईंचं नाही, पण चार वाट्या तांदळाला एक वाटी उडीद हे जवळचं आहे. वहीत दोन्ही लिहिली आहेत. खाली लिहिलंय : "सांगलीच्या बाईंकडून. राजापूरच्या आजींची, नातवंडाकडून." तुमची खरी नावं तिला हवी आहेत, कळवा. टोपणनावं वहीत लिहायला ती तयार नाही.

गोळा जुलैच्या शेवटी @शाईचा_डाग यांच्याकडे दिला. काल त्यांचा फोन आला. सहा आठवड्यांत मागच्या बाजूची नऊ पानं सुटी झाली. आईच्या बाजूला निळसर ढग आहेत, अक्षर नाही. बाबांची नऊपैकी चार पानं वाचता येतात.

आज संध्याकाळी आईला घेऊन गेले होते. पानं काचेखाली ठेवली होती. तिने चष्मा पुसला, पुन्हा पुसला आणि मोठ्याने वाचायला लागली : "तांदूळ, पाच किलो. गूळ, दोन. काड्यापेट्या, एक डझन. रॉकेल. नारळ, सहा. वहीला कव्हर, दीड रुपया." कव्हर शब्दाशी थांबली. म्हणाली, "खाकी होतं. मी म्हटलं होतं कशाला उगाच."

वर तारीख आहे, वर्षाचे शेवटचे दोन आकडे पुसट झालेत. आई म्हणते ८१, कारण मी पोटात होते आणि डॉक्टरांनी गूळ-खोबरं खा म्हणून सांगितलं होतं.

@शाईचा_डाग, पाचव्या पानाच्या कोपऱ्यात काहीतरी उभं लिहिलेलं दिसत होतं, ते बाबांचंच आहे का की शाळेत असताना मी गिरमिटलेलं? आई म्हणते माझं आहे. पुढच्या वेळी भिंग घेऊन येऊ का?